घड्याळ शांत झालंय

आमच्या घरात दिवा कधी विझत नाही. वीज जाते, बल्ब उडतो, वाऱ्यानं ज्योत जाते, पण आईच्या तोंडून 'विझला' हा शब्द मी ऐकलेला नाही. दिवा 'शांत होतो'. यावरून आप्पा, म्हणजे माझे वडील, तिची कायम थट्टा करत आले. ते घोटावड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते. पाळी संपली की युनियनची पत्रकं लिहायचे, आणि सुट्टीच्या दिवशी अंधश्रद्धेविरुद्धची. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर, आणि गणितं सोडवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. 'शब्दाला भिऊ नका' हे त्यांचं लाडकं वाक्य होतं.

"अगं, इझला म्हण एकदा. आभाळ कोसळतंय का बघू," ते आईला म्हणायचे.

"तुमी म्हना की. माज्या घरात न्हाई इझत."

पत्रकात भीतीला जागा नसते. तिथे निषेध असतो, मागणी असते, ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं. माझं लिहिणं त्याच मुशीतलं. त्यामुळे एका दुपारच्या भीतीबद्दल लिहायला बसले तर हात अडखळतो. पण भ्यायले होते, हे खरं आहे. अजूनही भिते.

आप्पांच्या हृदयात स्टेंट बसवला त्यानंतरची ही गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चाला, पण नाडीचे ठोके एका आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. तो आकडा आईनं देवाच्या नावासारखा पाठ केला होता. मी तेव्हा भुकूमला एका नव्या इमारतीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते आणि एका मराठी संकेतस्थळासाठी मोबाइल-घड्याळांबद्दल लिहीत होते. संपादकांनी विषय दिला होता, स्पोर्ट्स वॉचच्या पडद्यांचं भविष्य. मी अट घातली, वापरल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. ते हसले आणि दोन घड्याळं पाठवून दिली.

एकाचा पडदा अमोलेड. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. रंग असे की बघत राहावं. पण उजेड द्यायचा म्हणजे बॅटरी जाळायची, म्हणून हा पडदा एरवी काळा असतो आणि मनगट उचलून वळवलं की पेटतो. दुसऱ्याचा पडदा जुन्या पद्धतीचा. तो स्वतः उजेड देत नाही, बाहेरून पडलेला उजेड परत फेकतो. रंग फिके, धुतलेल्या साडीसारखे. पण तो कधी काळा होत नाही, आणि ऊन जितकं कडक तितके त्याचे आकडे ठळक. या दोघांच्या पलीकडे मायक्रो-एलईडी नावाचा तिसरा प्रकार येतोय. भर उन्हातही तळपणारा, पण अजून महाग आणि बॅटरी खाणारा. मला लिहायचं होतं ते एवढंच, की यातला कोण टिकणार.

दोन्ही घड्याळं घेऊन मी आमच्या गावी, भऱ्याला गेले. आप्पांनी फिक्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि बाजूला सारलं.

"ह्ये काय, आजारी हाय का ह्ये? त्ये दुसरं दे. चष्म्याबिगर दिसतंय."

"आजारी मानसानं आजाऱ्याला नावं ठिवू न्हाई," आई म्हणाली.

त्यांनी झगमगीत घड्याळ बांधलं. कसं बघायचं ते मी दाखवलं. फोन लागला नाही तर मी मेसेज पाठवीन, तो आला की मनगटाला थरथर जाणवेल, हेही सांगितलं.

ऑक्टोबरातली दुपार होती. मी खोलीवर लेखाचा मसुदा लिहीत होते. आईचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता, आवाज तुटत होता.

"अगं... आप्पा... शांत झालं गं. वर टेकडीवं हावोत आमी... आता काय करू..."

फोन कापला गेला.

इथे आमच्या बोलीबद्दल सांगायला हवं. पुण्यात 'आप्पा आले, आप्पा गेले' म्हणतात. आमच्याकडे 'आप्पा आलं, आप्पा गेलं'. मान द्यायचा माणूस आणि टेबल-कपाट, दोघांची क्रियापदं आम्ही एकाच पद्धतीनं संपवतो. आणि 'शांत होणं' याचा माणसाच्या बाबतीत एकच अर्थ असतो, दिव्याचा असतो तोच.

मी परत फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

स्कूटर कशी चालू केली, आठवत नाही. पिरंगुटचा घाट आठवतो. पुढे खडीचा डंपर, मागे कंपनीची बस, आणि मी दोघांच्या मध्ये. भीती छातीत असते असं वाचलं होतं. मला ती बोटांत होती, ब्रेकवरून निघत नव्हती. डोक्यात काय काय येत होतं. खाली कसं आणायचं. वरून चौघं लागतील. कुणाकुणाला कळवायचं. मग स्वतःचीच किळस आली, की मी आत्ताच त्यांना उचलायची माणसं जमवतेय. मी मोठ्यानं 'नाही, नाही' म्हणत होते. शेजारून जाणारा मोटरसायकलवाला वळून बघत गेला. जी मुलगी शब्दाला भिऊ नका ऐकत वाढली, ती भर रस्त्यात एका शब्दाला 'नाही' म्हणत होती.

टेकडीच्या पायथ्याला, पाण्याच्या टाकीपाशी स्कूटर टाकली आणि करवंदीच्या जाळ्यांतून वर पळाले. चढ संपता संपता दगडावर बसलेली पाठ दिसली. आप्पांची पाठ. ती हलत होती. आई पदरानं त्यांना वारा घालत होती.

"आली का?" आप्पा म्हणाले. "घड्याळापायी येवडं पळत यायचं?"

मी खाली मातीत बसले.

"मीच लावला फोन," आई सांगू लागली. "अगं, ह्यांचं घड्याळ शांत झालं. आकडा दिसंना. आकड्याबिगर खाली उतरायचं कसं? आन् फोनला तर रेंज न्हाई."

घड्याळ. आप्पांचं घड्याळ. मधले शब्द वाऱ्यानं नेले होते.

मला हसू येणार होतं. तेवढ्यात मी आप्पांचा चेहरा नीट पाहिला. तो राखेच्या रंगाचा होता. ओठ निळसर. घाम कानामागून सदऱ्यात उतरत होता. काठी धरलेली त्यांची मूठ मी सोडवली आणि मनगट वळवलं. पडदा झळाळून पेटला. इतका वेळ बसूनही आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या हद्दीच्या किती तरी वर होता, आणि त्याखाली एकावर एक साठलेल्या लाल सूचना.

"आप्पा, हे थरथरत नव्हतं?"

"व्हय की. मगाधरनं थरथरतंय. तुजंच मेसेज असत्याल म्हनलं. वर जाऊन बसल्यावं वाचू. बसून बघतोय तर ह्ये काळं."

ते मेसेज नव्हते. घड्याळ त्यांना थांबा म्हणत होतं आणि ते लेकीची पत्रं येताहेत म्हणून कौतुकानं चढत होते. आणि पडदा काळा का, तेही मला तिथेच कळलं. प्रेसवर काम करणारा माणूस हाताला घड्याळ बांधत नाही, मशीन ओढून नेईल म्हणून. जन्मभर मोकळ्या हाताचा माणूस. काठीवरचा हात तो उचलत नाही, मान खाली घालून मनगटाशी नेतो. मनगट वळत नाही, पडदा पेटत नाही. सूचना आली की तो क्षणभर उजळत असणार, पण तेव्हा यांची नजर वाटेवर.

आईच्या पिशवीत जिभेखाली ठेवायची गोळी होती. ती दिली. आईनं थोडं खाली, रेंज मिळाली तिथून फोन केला; शेजारच्यांची गाडी टाकीपर्यंत आली, तोवर मी त्यांचं मनगट धरून बसले होते. घड्याळ बघत नव्हते. बोटांनी ठोके मोजत होते, आणि दोन ठोक्यांच्या मधली जागा मला फार लांब वाटत होती. पिरंगुटच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रात्रभर ठेवून घेतलं. झटका नव्हता. "अजून थोडं चढले असते तर मात्र सांगता आलं नसतं," एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर आप्पांनी ते 'आजारी' घड्याळ मुकाट्यानं हातात बांधून घेतलं. आता मान खाली घातली की आकडा दिसतो. थरथरलं की थांबायचं, हेही ठरलं.

लेख मी लिहिला. झगमगीत पडद्याची बदनामी केली नाही. तो कायम पेटता ठेवायची सोय असते, बॅटरी लवकर उतरते इतकंच. उन्हातही तो पूर्वीपेक्षा चांगला दिसतो. पण मी विचारलं, की पडद्याचं भविष्य दुकानातल्या ट्यूबलाइटखाली का ठरतं? तिथे फिका पडदा हरणारच. उन्हात, काठी टेकत, मान खाली घालून चालणाऱ्या माणसाला त्या दुकानात कुणी विचारलं होतं?

संपादकांचा फोन आला. "अगं, हा लेख आहे की पत्रक? आणि त्या फिक्या पडद्याचा एवढा पुळका कशाला? हळूहळू बंदच होणार आहेत ते."

मी भांडले. लेख छापून आला, थोडा कापून. पण फोन ठेवल्यावर वाटलं, त्यांचं म्हणणं खरं असू शकतं. आप्पांच्या मनगटावरचं हे घड्याळ कधीतरी बिघडेल. तेव्हा तसं दुसरं कुणी बनवत असेल का?

फिक्या पडद्याचीही खोड आहे. तिन्हीसांजेला उजेड उतरला की आकडे पुसट होतात. बाजूचं बटण दाबलं की मागून मंद दिवा लागतो, पण आईचा बटणावर विश्वास नाही. आप्पा ओट्यावर पेंगत असले की ती त्यांचा हात हळूच उचलून उंबऱ्याच्या उजेडाकडे धरते.

"काय चोरतीयास?" ते डोळे न उघडता विचारतात.

"तुमचा आकडा."

तिचा एक शब्द मात्र बदलला. आता तिचा फोन आला की मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच ती म्हणते, "चालू हाय." मग काय असेल ते. कढीपत्ता आण, गॅस संपलाय, मावशीकडे बारसं आहे. सगळ्याच्या आधी, "चालू हाय." आप्पा मागून ओरडतात, "मी काय मोटर हाय का?"

तरीही फोनवर आईचं नाव उमटतं, मी तो कानाला लावते, आणि तिचा आवाज यायच्या आधी क्षणभर काहीच ऐकू येत नाही. त्या क्षणात मी अजून घाटातच असते.