मामाच्या हातून

आमच्या तलासरीकडच्या पाड्यावर येशूच्या प्रार्थनेला जाणारी घरं थोडी, बाकी सगळे गावदेवाचे, ते आम्हाला त्यांच्यात धरत नाहीत, म्हणून चर्चच्या मंडळीनेही टाकलं तर मेल्यावर माती द्यायला कोण येणार, ही भीती मला लग्न होऊन आले तेव्हापासूनची. पण एक जुनी रीत आम्ही सोडली नाही, बाळाला उचलायचा पहिला मान मामाचा. बाळ देवाला वाहायच्या, म्हणजे समर्पणाच्या दिवशी पाळकांच्या हातात बाळ देतो तोसुद्धा मामाच.

माझा दादा बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला, तिथेच एका मित्राबरोबर राहतो. तो नुसता मित्र नाही, त्यांचा संसार आहे, हे माझ्या आईला कळलं, तीही आमच्याच मंडळीतली, आणि तिने काय करावं, बायकांच्या प्रार्थनेत उभं राहून रडत सांगितलं, माझ्या लेकासाठी देवाकडे मागा. आमच्यात असंच असतं, दुखणं असो, नवऱ्याची दारू असो, बायका उभ्या राहून सांगतात. सगळ्यांनी डोळे मिटून मागितलं आणि दिवस मावळायच्या आत पाळक आमच्या ओट्यावर, माझ्या पोरीचं समर्पण येत्या रविवारी होतं.

"बाळ त्याच्या हातून घेणार नाही. आधी त्याने सगळ्यांसमोर पश्चात्ताप करावा."

नवरा म्हणाला, "माझा भाऊ उचलेल. तू गप राहा, आपल्याला इथेच राहायचंय."

दादाला फोन केला तर तो हसला. "कोर्टपण म्हणालं आता गुन्हा नाही. तुमचा पाळक कोर्टापेक्षा मोठा काय?"

"दादा, येऊ नको."

"भाची माझी आणि मी येऊ नको?"

रविवारी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. प्रार्थनाघराच्या दारातच मंडळीतल्या एका म्हाताऱ्याने अडवलं, "मागे बस, पण बाळाला हात लावायचा नाही." बायकांतून कोणीतरी बोललं, "मामा आलाय का मामी?" दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. दादा बसला नाही, चपला काढतात तिथेच उभा राहिला.

दीर पोरीला घेऊन पुढे गेला, त्याला धड धरता येईना, पोरगी किंचाळायला लागली, मी धावणार तर नवऱ्याने हात धरला. पाळकांनी मला विचारलं, या लेकराला देवाच्या प्रेमात वाढवशील का. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. दाराकडे बघितलं तर दादा नव्हता.

अजून मी फोन लावते, तो उचलतो, पोरीला दात आले का विचारतो. ये म्हणायला माझं तोंड उघडत नाही, आणि येऊ का असं तोही विचारत नाही.