पेडणेकर काकांचा बर्फ

आज सकाळी आमचा बर्फ करणारा माणूस गेला.

सदानंद पेडणेकर. वय बासष्ट. वेंगुर्ल्याजवळ, त्यांच्या गावी, झोपेतच. त्यांच्या मुलाचा मेसेज आला तेव्हा मी मस्कतला, अझैबा भागातल्या माझ्या घरी चहा करत होते. गॅस बंद केला आणि मेसेज पुन्हा एकदा वाचला.

मस्कतमधल्या माझ्या बऱ्याच मित्रांना माहीत नाही की इथे आइस हॉकीची टीम आहे. आहे. मी तिच्यात सात वर्षं डिफेन्सला खेळते. आखातातल्या एका छोट्या लीगमध्ये आम्ही सर्वांत खालच्या गटात असतो, आणि त्या गटातही बहुतेक वेळा शेवटचे.

काका आमच्या स्केटिंग रिंकचे रेफ्रिजरेशन टेक्निशियन होते. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत बर्फ टिकवायचा, ही त्यांची नोकरी.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, एसी प्लांट डिझाइन करते. पहिल्याच भेटीत मी त्यांना हीट लोडवर बरंच काही ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गो मॅडम, ता सगळा बरोबर. आता ता दार लाव. दमट हवा आत येता."

दार मीच उघडं ठेवलं होतं.

पब्लिक स्केटिंगला बर्फ थोडा मऊ चालतो. हॉकीला तो कडक लागतो, साधारण दोन डिग्री जास्त थंड. आमचा स्लॉट शुक्रवारी दुपारी चारचा. त्या एका तासासाठी काका सकाळपासून तापमान खाली आणायचे आणि मग गरम पाण्याचे पातळ थर द्यायचे. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, बर्फ घट्ट होतो.

उन्हाळ्यात म्हणायचे, "टाकीतला पाणी आयताच गरम. ओमानची कृपा."

हे जास्तीचं काम त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये टीम जवळजवळ संपली होती. अर्धे जण सुट्टीवर. दोघांचे व्हिसा संपले. एक कॅनडाला गेला. शुक्रवारचा तो तास वाढदिवसाच्या पार्ट्यांना हवा होता, आणि रिंकच्या मॅनेजरचं त्यात काही चुकत नव्हतं.

"तीन हफ्ते देखूँगा," ते म्हणाले. "हर हफ्ते आइस पे दस लोग, पूरा किट. कम हुआ तो खलास."

स्लॉट गेला की सराव गेला. सराव गेला की लीगमधून नाव गेलं.

पहिल्या आठवड्यात आम्ही अकरा होतो. दुसऱ्यात दहा.

तिसऱ्या शुक्रवारी चारला पाच मिनिटं कमी होती आणि आम्ही नऊ होतो. गोलकीपर तापाने घरी पडला होता. हजेरीचा कागद माझ्याकडे असायचा. मी नऊ नावं लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

काका बर्फ सपाट करायच्या मशीनवरून उतरून आले. कागद बघितला.

"गोलकीपरचा किट खंय हा?"

"लॉकरमध्ये. का?"

"माका घालूक मदत कर."

"काका, तुम्ही प्लेअर नाही."

"नियमात प्लेअर म्हटलेला हा?"

खोटं नाव मी लिहिलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. मी नियम शब्द न् शब्द आठवला. दहा लोक. पूर्ण किट. प्लेअर म्हटलेलं नव्हतं.

त्या बर्फावर ते कित्येक वर्षं गमबूट घालून चालत होते. स्केट त्यांनी कधीच घातले नव्हते.

"माका खेळूक येना नाय," ते हेल्मेटच्या आतून म्हणाले. "पण उभो रवाक येता. पडलंय तर उचला."

चौदा वेळा पडले. मी मोजलं. चौदाही वेळा उठले.

मध्येच कोणीतरी मारलेला पक, म्हणजे ती रबराची चकती, त्यांच्या पॅडला लागून थांबला. सगळी टीम बर्फावर स्टिक आपटायला लागली.

"वाजयतास कित्याक?"

"सेव्ह केलात काका!"

"मी काय केलंय? तोच इलो माझ्यार."

मॅनेजर काचेमागे उभे राहून बोटाने मोजत होते. दहाव्यावर बोट थांबलं.

"ये तो हमारा टेक्निशियन है."

मी म्हटलं, "पूरा किट है."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "दस."

पुढच्या शुक्रवारी सोळा जण आले. ज्यांनी आधी कारणं दिली होती ते वेळेच्या अर्धा तास आधी हजर होते.

मला लोक विचारतात, अशी टीम इथे टिकेल का? कागदावर उत्तर 'नाही' असं येतं. हवामान विरोधात, खेळणारे मोजके, आणि जो नीट खेळायला लागतो त्याची बदली होते. हेच मी एकदा काकांना सविस्तर सांगितलं होतं.

"ह्या शुक्रवारचो बर्फ होतलो," ते म्हणाले. "माका इतक्याच म्हायत."

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन गावी गेले. त्याआधी तीन महिने त्यांनी नव्या टेक्निशियनला, सईदला, शुक्रवारचा बर्फ वेगळा का असतो ते शिकवलं. सईद आजही तसाच बर्फ करतो.

गेल्या महिन्यात आम्ही घरच्या बर्फावर या सीझनची पहिली मॅच जिंकलो. तीन-दोन. मी ड्रेसिंग रूममधूनच त्यांना फोन केला. स्कोअर सांगायच्या आतच त्यांनी विचारलं,

"बर्फ कसो होतो?"

"कडक."

"मगे काय, जिंकतलासच."

आमचं शेवटचं बोलणं ते.

आज शुक्रवार आहे. सराव रद्द करायचा का, असं कोणीतरी ग्रुपवर विचारलं.

मी लिहिलं, नाही. चार वाजता.

मला ह्या टीमचा अभिमान आहे. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

काका, शांतपणे जा. तुमच्या टीमचा तुम्हाला अखेरचा नमस्कार.