आधी मोडून बघा

कोथरूडच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत एक बाई टेस्टर होत्या. माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्यांचं कामच. दुपारी डबे उरकून आम्ही बुद्धिबळ खेळायचो, तिथेही त्यांचा तोच खाक्या. माझा हात पटाकडे गेला की त्यांची भुवई वर जायची. "अहो, चाल सुचली? छान. आता आधी तुम्हीच ती मोडून बघा. नाहीतर मी आहेच."

आणि त्या असायच्याच!

एकदा शह द्यायला माझा हात वजिरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांचा घोडा टपून बसला होता! मी हत्ती सरकवला, आणि मात! डाव माझा होता, पण टेबलावर हात आपटून ओरडल्या त्याच, "अहो ऐका, यांना स्वतःची चूक स्वतः सापडली! आता माझी नोकरी गेली!"