शेठच्या फोनवर आमचं दुकान

जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात दुकानापुढे काट्यांची रांग लागायची. पुढे धान्याचे बरेच व्यापारी गावाबाहेर गेले, राहिलेल्यांनी इलेक्ट्रॉनिक काटे घेतले. तेही काटे दुरुस्त करायला अण्णा शिकले, पण आमच्या गल्लीत मुद्दाम यायचं कारण कुणाला उरलं नव्हतं. मग एक दिवस जेवताना त्यांनी सांगून टाकलं की दिवाळीच्या पाडव्याला दुकान बंद करायचं आणि औरंगाबादला दादाकडे जाऊन राहायचं.

दादाच्या फ्लॅटमध्ये ते काय करणार होते? गॅलरीत बसून पेपर वाचणार आणि वहिनीच्या मिक्सरचे स्क्रू पिळणार. मला ते सहन होईना. मी तेव्हा नव्या जालन्यात संगणकाचे वर्ग घेत होते. गावाचं आणि धंद्याचं नाव टाकलं की दुकानांची यादी दाखवणारी एक वेबसाइट आमच्याकडे नुकतीच माहीत झाली होती. जिनिंगवाल्यांची, बी-बियाणेवाल्यांची पोरं आता तिथंच बघून फोन करायची. त्या यादीत अण्णांचं दुकान घालायचं मी ठरवलं.

नाव, पत्ता, वेळ सगळं भरलं आणि फोन नंबरापाशी गाडी अडली. अण्णांनी समोरच्या कापडवाल्या शेठचा नंबर सांगितला. आमच्याकडे फोन कधी नव्हताच. अण्णांच्या पावतीवर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे शेठचाच पीपी नंबर असायचा. फोन आला की शेठ गादीवरून उठून हाक मारायचे आणि अण्णा हातातलं वजन ठेवून गल्ली ओलांडायचे. एकदा गेले की अर्धा तास परत यायचे नाहीत, फोन दोन मिनिटांचा असला तरी. मी म्हटलं, मोबाइल घेऊन देते. तर म्हणाले, शेठचा फोन असताना आपण दुसरा घेतला तर त्यांना काय वाटेल? वाद घालून मी थकले आणि तोच नंबर भरला.

आधी आमचं दुकान यादीत पार तळाला होतं. पाटीवर होतं तसं ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ मी भरलं होतं, आणि त्या नावाखाली लेथवाल्यांपासून गेट बनवणाऱ्यांपर्यंत सगळे होते. ते काढून सरळ ‘काटा दुरुस्ती’ लिहिलं. परतूर, घनसावंगी इथंही येऊन काम करतो, असं घातलं. दुकानाचा फोटो चढवला. काही दिवसांत आम्ही सगळ्यात वर आलो आणि मी वर्गातल्या पोरींना पेढे वाटले. फोन मात्र एकही आला नाही. पाडवा जवळ येत चालला होता.

शेवटी न राहवून मी वर्गातून स्वतःच तो नंबर फिरवला. पलीकडून शेठ त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बोला, साडी सेंटर.” माझा आवाज ओळखल्यावर तक्रारही केली, “बाई, रॉंग नंबर लई येऊन राह्यले आजकाल. साडी म्हनलं की ठेवूनच देतात.” मी कपाळावर हात मारून घेतला. जुन्या गिऱ्हाइकांना माहीत होतं की तिथं फोन करून मिस्त्रींना, म्हणजे अण्णांना, बोलवा म्हणायचं असतं. इंटरनेटवरून येणाऱ्या परक्या माणसाला ते कोण सांगणार?

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. तुमची भीड तुमचं दुकान बुडवणार, असंही रागाच्या भरात बोलून गेले. ते म्हणाले, “तुह्या जन्माची खबर त्याच फोनवर आल्ती.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच गल्ली ओलांडून गेले. मी मागे उभी होते. नवीन फोन घेतो आहे, हे सांगायला त्यांना फार वेळ लागला. आधी कपाशीच्या भावावर बोलून झालं, मग गुडघेदुखीवर. शेठनी शेवटी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बराबर हाय मिस्त्री, घ्या. पन आता मला गादीवरून कोन उठवील?”

नंबर बदलला आणि त्याच आठवड्यात परतूरच्या एका जिनिंगचा फोन आला. मोठा काटा होता. अण्णा पिशवीत पान्हे भरून रेल्वेने गेले. मग दुसरा आला, तिसरा आला. पाडव्याला त्यांनी काट्यांची पूजा केली आणि औरंगाबादचा विषय कुणी काढला नाही.

त्यानंतर एका दुपारी मी दुकानात बसले होते. मोबाइल वाजला. अण्णांनी मी शिकवल्याप्रमाणे दुकानाचं नाव सांगितलं आणि एकदम समोर बघितलं. गल्लीपलीकडे शेठ रिसीव्हर कानाला लावून बसले होते. या बसायला, असं म्हणत असावेत.

“आज न्हाई जमायचं शेठ,” अण्णा म्हणाले. “घनसावंगीला जायचंय, जीप सुटंल.”

“बरं झालं,” शेठ म्हणाले. ते मला इतक्या लांबूनही ऐकू आलं. अण्णा पिशवी उचलून निघून गेले, तरी शेठनी रिसीव्हर खाली ठेवला नव्हता.