सतरा ओळींचा दिवड

आमच्या घरात लोणच्याच्या बरण्या कमी आणि सापांच्या जास्त, असं मी माहेरी रागानं सांगायची. माझे मालक हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. कुठं साप मेला की लोक आमच्याकडं आणून टाकायचे, जसं काही आमचं घर म्हणजे सापांचा मसणवटाच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. औंढ्याकडच्या एका तळ्यात भोयाच्या जाळ्यात गुदमरून मेलेला एक पाणसाप ह्यांना मिळाला. आधी म्हणाले, "दिवडच दिसतोय." पाण्यातला, बिनविषारी, खवल्याखवल्यावर ज्वारीच्या पानाच्या शिरेसारखी उभी धार. पण दिवडाच्या डोळ्यापासून दोन काळ्या रेघा निघतात, त्या याला नव्हत्या. मग टाचणी घेऊन बसले. दिवडाच्या मधल्या अंगावर खवल्यांच्या एकोणीस ओळी भरतात. याच्या भरल्या सतरा. पुन्हा मोजल्या, मला मोजायला लावल्या. सतराच! एवढा मोठा माणूस, पण घरभर नाचला. "हा वेगळाच आहे गं! कुणी नोंदवलासुद्धा नसंल." पुण्याच्या जाणकारांनी निरोप दिला, नमुना घेऊन या, हातात घेतल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुटीत जायचं ठरलं. त्याआधी पुसेगावहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आमच्याकडं मेलेल्या सापाला अग्नी देतात. तोंडात तांब्याचा पैसा, वरून तूप. नाही दिला तर घराला दोष लागतो, वंश खुंटतो म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. बाकीच्या बरण्या तोवर कॉलेजात गेल्या होत्या; पुण्याला न्यायचा तो एकच साप घरात होता, आत्याबाईंनी तो बरणीत बघितला. आम्ही दोघं बाजारातून परत आलो तर परसात गोवऱ्या धुमसत होत्या.

"बिनआगीनचा मुडदा घरात ठिवल्यावर लेकरू कसं व्हईल रे बाबा? सोडवलं म्या तुमाला," त्या म्हणाल्या. केवढं समाधान होतं त्यांच्या तोंडावर!

माझ्या जिभेवर आलेलं बोलले असते तर घर फुटलं असतं. हे मात्र राखेजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "माय, तसला पुन्हा कवा घावंल मला?" तेव्हा कुठं आत्याबाईंना कळलं, आपण काय जाळलं ते.

तसला पुन्हा घावला नाही. पाळणाही हलला नाही.

पावसाळा लागला की आत्याबाई ओढ्याओढ्यानं, तळ्याच्या काठानं हिंडायच्या. जाळ्यात मेलेला, दगडानं ठेचलेला, गाडीखाली आलेला दिवड दिसला की दुधाच्या किटलीत घालून थेट एसटीनं हिंगोलीला. कंडक्टर वासानं बोंबलायचा. जन्मात ज्या बाईनं मेला साप बिनआगीनचा ठेवला नव्हता, ती लेकानं मोजेपर्यंत आगपेटीला हात लावत नव्हती. "ह्योच का रे?" "न्हाई माय, साधा दिवड हाय." मग परसात नेऊन जाळायच्या. पुढं ह्यांची नजर कमी झाली आणि टाचणी माझ्या हातात आली.

दोन हजार सालानंतर ह्यांना कावीळ झाली. दुखणं अंगावर काढलं, आणि धडधाकट माणूस बघता बघता संपला. आत्याबाई दिवसकार्यातसुद्धा रडल्या नाहीत. मला त्यांचा संतापच आला होता. पावसाळ्यात एक दिवस दारात उभ्या, हातात किटली.

"आता कुणासाठी आणता हो, आत्याबाई?" मी ओरडलेच.

"तू मोज," त्या म्हणाल्या. "ह्यो तसला निघाला तं पुण्याच्या लोकायला सांग, माझ्या लेकाच्या नावानं लिव्हा."

दारापुढच्या ओट्यावर पेपर अंथरला. डोळ्याजवळच्या रेघा पुसट होत्या, नसल्यासारख्याच. मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं, तरी एकोणीसच. त्या माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. 'हाच' म्हणावं आणि म्हातारीची वणवण एकदाची थांबवावी, असं फार फार वाटलं. पण सापाच्या बाबतीत ह्यांनी कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"न्हाई, आत्याबाई. हा साधाच हाय."

त्या ओट्यावर बसल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बरं झालं, माय," त्या म्हणाल्या. "घावला असता तं उद्यापासून म्या काय केलं असतं?"