फ्लॅश की टायमर

परवा शिक्रापूरच्या चौकात गाडी पंक्चर झाली आणि मोबाइलच्या एका दुकानापुढे बसून राहण्याचा योग आला. रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक धडधडत होते आणि दुकानाच्या दारावर, मांडवावर दोडके लोंबावेत तशा वस्तू लोंबत होत्या. फोन धरायच्या काठ्या, गोल दिवे, चिमटे, हवे तसे पाय वाकवता येणाऱ्या चिमुकल्या तिपाया. कारखान्याच्या निळ्या गणवेशातल्या दोन मुली तिथे उभ्या होत्या. एकीने दिवा धरला होता, दुसरीने काठी, आणि दोन्हींपैकी एकच काय घ्यावं याचा त्यांचा खल चालला होता. इतक्या गंभीरपणे, की जणू घराला दार आधी बसवावं की खिडकी, हेच ठरवायचं होतं. मला हसू आलं. आणि हसता हसताच मी पन्नास वर्षं मागे, दौंडच्या स्टेशनाबाहेरच्या एका फोटो स्टुडिओत जाऊन उभी राहिले.

दुष्काळाची वर्षं नुकतीच ओसरली होती. मी शिरूरच्या शाळेत शिक्षिका होते आणि आमचे हे दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. माझं माहेर शिरूरचंच, ख्रिस्ती मिशनच्या आवारातलं. वडील लवकर गेले, आणि आईने मुलींच्या बोर्डिंगची देखरेख करत मला वाढवलं. यांचे आईवडील दौंडच्या रेल्वे वसाहतीजवळ राहणारे, बाबासाहेबांच्या मागे जाऊन बौद्ध झालेलं पहिल्या पिढीतलं कुटुंब. मी शिकायला दौंडला माझ्या काकांकडे होते तेव्हा आमची ओळख झाली आणि पुण्याला जाऊन आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आईला ते प्रार्थनामंदिरात व्हायला हवं होतं, सासूबाईंना विहारात. दोघींच्याही मनासारखं झालं नाही. भांडण कोणी केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटावं इतकी शांतता मात्र दोन्ही घरांत पसरली. आई मला शिरूरच्या बाजारात भेटली तर तब्येत विचारायची, यांचं नाव काढायची नाही. सासूबाई मला जेवायला वाढायच्या, माझ्या माहेराबद्दल शब्द काढायच्या नाहीत. दोघी विहिणींनी एकमेकींचं तोंडही पाहिलं नव्हतं.

बदलीचा अर्ज केला होता, पण तोवर आमचा संसार एसटीतच. शनिवारची शाळा सुटली की मी न्हावऱ्यावरून दौंडची गाडी धरायची. भीमेचा पूल आला की खिडकीतून गार वारा यायचा आणि आठवडाभराचा खडूचा वास अंगावरून उडून गेल्यासारखा वाटायचा. कधी हेच शिरूरला यायचे. आणि अशाच एका रविवारी ते गळ्यात कॅमेरा अडकवून उतरले. निवृत्त होऊन परदेशी लेकीकडे निघालेल्या एका गार्डसाहेबांनी तो यांना जवळजवळ भेट दिल्यासारखाच दिला होता. काळा, धातूचा, हातात जड. त्याच्यासोबत मात्र काहीच नव्हतं. ना पिशवी, ना स्टँड, ना फ्लॅश.

आमच्याकडे लग्नाचासुद्धा फोटो नव्हता. त्यामुळे तो कॅमेरा घरात आला आणि आमच्या बोलण्याला एक नवीनच विषय मिळाला. यांना सगळंच हवं होतं. ढग उठून दिसावेत म्हणून पिवळा फिल्टर, ऊन आत शिरू नये म्हणून काचेपुढचं हूड, हात हलू नये म्हणून स्टँड. मी म्हणायची, "एका वेळी एकच वस्तू. आणि ती का हवी ते आधी सांगायचं." मग हे वकिलासारखी बाजू मांडायचे. पहिली बाजी त्यांनी जिंकली आणि पिवळा फिल्टर आला. तो आला आणि पुढे कित्येक आठवडे शिरूर ते दौंड आभाळात औषधालाही ढग दिसला नाही. हे बिचारे फिल्टर लावून कोऱ्या आभाळाकडे बघत उभे राहायचे. त्यानंतर वस्तू निवडायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

हूड मी विकत घेऊ दिलं नाही. बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीचा तळ कापून, आतून काळा रंग लावून यांनी ते घरीच बनवलं, आणि ते छान बसलं.

त्याच सुमारास मला दिवस गेले. आवारातल्या कुणाकडून तरी ते आईच्या कानावर गेलं असावं. एका संध्याकाळी ती माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा. तिची नजर खोलीभर फिरली आणि खाटेवर टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या कॅमेऱ्यावर थांबली.

"हे असं नेता तुम्ही एसटीतून? धूळ जाईल ना आत," ती म्हणाली.

"पिशवी घ्यायची आहे, पण दुकानातली महाग पडते."

तिने वीत टाकून कॅमेऱ्याची लांबी-रुंदी मोजली, चहा घेतला आणि गेली. पुढच्या आठवड्यात ती पिशवी घेऊन आली. जुन्या जाड घोंगडीची, आतून मऊ फ्लॅनेल लावलेली, कडेला निळ्या दोऱ्याची बारीक टीप आणि झाकणाला बोर्डिंगच्या मुलींच्या झग्याला असायचं तसलं मोठं बटण. माझ्या हातात देताना भिंतीकडे बघत म्हणाली, "पट्टा खांद्यावरून आडवा घ्यायला सांग त्यांना. गळ्यात नको. मान दुखते." त्यांना! या एका शब्दासाठी मी दोन वर्षं वाट पाहिली होती.

ती पिशवी दौंडला गेली तेव्हा सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली. टिपेवरून बोट फिरवलं.

"कुनी शिवली?"

"आईनं."

"हात चांगला हाय," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या. पण माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते ओट्यावरून हे ऐकत होते. आबा रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम करून निवृत्त झालेले, दिवसाकाठी मोजकं बोलणारे. त्यांनी मुलाला विचारलं, "आनखी काय घ्यायचं ऱ्हायलंय रं तुझ्या त्या पेटीला?"

"स्टँड, आबा."

"म्हंजी तीन काठ्याच की. त्या कशाला इकत घ्यायच्या?"

आबांनी सागाच्या तुकड्यांचा स्टँड केला. बिजागऱ्या लावल्या, टोकांना पत्रा ठोकला. मजबूत इतका, की त्यावर कॅमेराच काय, पाण्याचा हंडा ठेवला तरी चालला असता. तो खांद्यावर घेऊन आम्ही गाडीत बसलो की कंडक्टर तो टपावर टाकायला सांगायचा. न्हावऱ्याला एकदा पाय मोकळे करायला उतरलो, तर दोघे-तिघे शेतकरी लगबगीनं जवळ आले आणि एकाने काळजीच्या सुरात विचारलं, "सायेब, मोजणी कवा हाय म्हनायची?" यांनी तिथेच स्टँड उभा करून त्या सगळ्यांचा फोटो काढला आणि पुढच्या खेपेला नेऊन दिला.

आता आणखी एकच वस्तू घेण्यापुरते पैसे उरले होते, आणि तिथे आमचं जमेना. बाळाच्या नामकरणाचा दिवस जवळ येत होता. मुलगी झाली होती. यांचं म्हणणं, फ्लॅश घ्यायचा, म्हणजे घरातल्या घरात पाळण्याचा फोटो येईल. माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. नामकरण दौंडला सासरी होतं आणि दोन्ही आया तिथे असणार होत्या. आईने येते म्हटलं होतं, सासूबाईंनी येऊ दे म्हटलं होतं. पण सगळ्यांचा एक फोटो काढू म्हटल्यावर आई घाईघाईने म्हणाली, "मला बटण दाबायला शिकव. फोटो मी काढते. मी बाहेरच बरी." आणि त्याच आठवड्यात, दौंडला, आईचं बोलणं अजिबात ठाऊक नसताना सासूबाई म्हणाल्या, "मला दावून ठेव कुठं दाबायचं त्ये. तुम्ही समदी बसा. मी काय, घरचीच हाय."

मला हसावं की रडावं कळेना. दोघींना तिथे असायचं होतं, दोघींना बाळ पाहायचं होतं, आणि दोघींनाही एका चौकटीत शेजारी उभं राहणं तेवढं टाळायचं होतं.

शेवटी आम्ही दौंड स्टेशनाबाहेरच्या त्या स्टुडिओत गेलो, आणि स्टुडिओवाल्याने काचेच्या टेबलावर दोन डब्या मांडल्या. एकीत चकचकीत वाटीचा फ्लॅश, दुसरीत अंगठ्याएवढं चावीचं यंत्र. ते बटणाच्या भोकात पिळून बसवायचं, चावी द्यायची, खटका सोडायचा. ते घरघर करत राहतं आणि थोड्या वेळाने आपणच बटण दाबतं. त्याला तो टायमर म्हणत होता.

"बाई, माझं ऐका," तो म्हणाला. "फ्लॅश जन्मभर लागतो. हा टायमर तुम्ही कितीदा वापरणार?"

"एकदा लागला तरी पुरे," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. फ्लॅशच्या वाटीत स्वतःचा चेहरा एकदा पाहून घेतला आणि ती डबी हळूच मागे सरकवली. "बाळाला अंगणात घेऊ," ते म्हणाले. "उजेड काय, फुकटच आहे."

नामकरणाच्या सकाळी वंदना झाली. आई मागे दाराशी बसून होती. सगळं आटोपल्यावर तिने बाळाच्या कपाळावर हात ठेवून ओठांतल्या ओठांत प्रार्थना केली, तेव्हा सासूबाईंनी भांड्यांचा आवाज करणाऱ्यांना हातानेच गप्प केलं. दोघी एकमेकींशी मात्र जेवणापुरतंच बोलल्या. दुपार कलल्यावर अंगणातल्या लिंबाखाली आबांनी आपला स्टँड उभा केला. सगळे बसले. आई एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या टोकाला. हे कॅमेऱ्यातून बघत ओरडले, "मावत नाही! आत सरका. अजून आत." खरंच मावत नव्हतं की काय, हे मी त्यांना आजपर्यंत विचारलेलं नाही.

दोघी सरकत सरकत मधोमध आल्या. टायमरला चावी दिली. रातकिड्यासारखी घरघर सुरू झाली, हे धावत येऊन बसले, सगळ्यांनी श्वास रोखले. घरघर थांबली आणि पुढे काहीच झालं नाही. यंत्र नीट पिळून बसलंच नव्हतं. त्या शांततेत सासूबाई हळूच म्हणाल्या, "मेलं का काय त्ये?" आणि माझी आई, जी बोर्डिंगच्या मुलींपुढेसुद्धा कधी मोठ्याने हसली नव्हती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिचं हसू बघून सासूबाई हसल्या, मग आबा, मग सगळंच अंगण.

दुसऱ्या वेळी यंत्राने काम चोख केलं. पण नेमकं तेव्हाच आईच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं आणि त्याला सावरायला दोघींचे हात एकदमच पुढे झाले. फोटोत आबा तेवढे समोर बघताहेत. हे पाठमोरे, एक चप्पल मागे राहिलेली. मी यांच्याकडे बघून हसतेय. आणि मधोमध दोन बायका, कॅमेऱ्याचं भान सुटलेल्या, एका बाळावर वाकलेल्या. आईचा तळवा खाली आणि त्यावर सासूबाईंचा.

त्या दिवशी आईला परत शिरूरला निघायचं होतं. सासूबाईंनी तिची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. "आता कुठं जाताय? ऱ्हावा की. लेकीचं घर हाय." आई राहिली.

पुढे माझी बदली दौंडला झाली. आई सुट्टीला यायची, मग सुट्टी नसतानाही यायला लागली. बोर्डिंगमधून निवृत्त झाल्यावर तर महिनेच्या महिने राहायची. दुपारी दोघी ओट्यावर समोरासमोर बसायच्या, मधे निवडायच्या तांदळाचं सूप. एकीचं बोलणं ठेवणीतलं, दुसरीचं रांगडं, आणि दोघींचा विषय एकच, आम्ही मुलीला किती लाडावून ठेवलंय. कधी दोघींना बसल्या जागी डुलकी लागायची, आणि लेक येऊन दोघींच्या मधे पाय पसरून झोपायची. उन्हाचा एक पट्टा ओट्यावरून हळूहळू सरकत जायचा. दोघीही आता नाहीत.

त्या दुपारींचा एकही फोटो आमच्याकडे नाही. कॅमेरा तिथेच आत होता, रोलही असायचा. पण ते दृश्य इतकं रोजचं झालं होतं, की ते जपून ठेवावं असं कधी कुणाच्या मनातच आलं नाही. पूर्वी मला याची हळहळ वाटायची. अलीकडे वाटतं, आम्ही ज्याच्यासाठी एवढी धडपड केली, ते आम्हाला मिळाल्याची याहून चांगली खूण कोणती असणार?