सुताराचा हात

पासिर रिस या उपनगरात राहणारे शामकांत पेडणेकर बंदरात जहाजांची इंजिनं तपासतात. तरुणपणी ओडेसाच्या गोदीत काम करताना ते रशियन शिकले. सुट्टीच्या दिवशी एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कविता मराठीत आणतात. त्यांचे श्रोते म्हणजे या परक्या देशातली मोजकी मराठी कुटुंबं, तीही वर्षातून एकदा, मंडळाच्या दिवाळीत.

१९९४ साली त्यांनी एक दीर्घकविता निवडली. झारच्या सैन्यात पंचवीस वर्षांसाठी कुणाला धाडायचं, हे तेव्हा गाव ठरवी. कवितेतलं गाव एका विधवेचा मुलगा निवडतं. सगळे हात वर करतात, एक सुतार करत नाही. गाव त्याच्याशी बोलणं टाकतं. तो निघून जातो.

ईस्ट कोस्टला एका कॉन्डो इमारतीतल्या फ्लॅटवर दिवाळीच्या वाचनाची तालीम होती. मंडळाच्या चिटणीस मेधा कीर्तने यांनी शामकांतरावांना शेवटाशीच थांबवलं.

“त्याला परत आणा हो. शेवट गोड होऊ दे, दिवाळी आहे. आमचा अमेय जानेवारीत इथल्या सक्तीच्या सेवेसाठी आर्मीत चाललाय. आणखी किती जणींची मुलं जाणार. त्यांनी हे ऐकायचं?”

“अमेय अडीच वर्षांनी घरी येईल, मेधाताई.”

“आणि गावाचं तरी काय चुकलं? कुणीतरी पाठवायलाच हवं होतं ना?”

“हवं होतं. नाहीतर कविता कशाला झाली असती?”

शेवट बदलावा का, यावर मेधाताईंनी मतं घेतली. सगळे हात वर गेले, शामकांतरावांच्या पत्नी प्रेमाताईंचासुद्धा.

“अहो, मला या बायकांबरोबर चकल्या करायच्यात,” घरी जाताना त्या म्हणाल्या.

शामकांतरावांनी शेवट बदलला नाही. वाचन रद्द झालं. दिवाळीला ते येणार नाहीत, असं सर्वांनी गृहीत धरलं होतं. ते आले आणि दरवर्षीप्रमाणे मसालेभाताच्या पातेल्याशी डाव घेऊन उभे राहिले.

मेधाताईंनी ताट पुढे केलं. “तो सुतार गेला कुठे?”

“असं तुकड्यात नाही सांगत. ऐकायचं तर शेवटापर्यंत.”

“मग म्हणा.”

त्यांनी डाव हातात धरूनच म्हणायला सुरुवात केली. रांग थांबली.

“काका, आधी भात वाढा लाह!” मागून इथेच वाढलेली एक पोरगी इथल्या बोलीच्या ढंगात ओरडली.

“थांब गं,” मेधाताई म्हणाल्या. आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. प्रेमाताई चकल्यांचं ताट घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

कविता संपली. सुतार परत आला नव्हता.

“तरी गावाचंच बरोबर होतं,” मेधाताई म्हणाल्या.

“असेल,” शामकांतराव म्हणाले आणि त्यांना दोन डाव भात वाढला.